सुईच्या टोकावरचा वाद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्यसनी माणसाला सरकारनेच कोऱ्या सुया फुकट द्यायच्या, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या मनात आलेला प्रश्न अगदी साधा होता : मग चोराला पहारही सरकारनेच का देऊ नये? हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर त्यात काही गैर नाही. जगातल्या अनेक शहाण्या माणसांच्या मनात तो आला होता. त्यातले काही डॉक्टर होते, काही पोलीस अधिकारी, काही मंत्री. त्यांचे मत कसे बदलले, कुणामुळे बदलले आणि ते बदलायला उशीर झाला तिथे काय किंमत मोजावी लागली, याची ही हकिगत आहे.

सुरुवात स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथून करू. उंच टेकडीवर किल्ला, खाली दगडी रस्ते, जुने विद्यापीठ, असे हे पर्यटकांचे लाडके शहर. पण शहराच्या कडेला म्यूअरहाऊससारख्या वसाहती आहेत. १९८० च्या सुमारास तिथे बेकारी होती आणि त्याच वेळी स्वस्त हेरॉइन आले. तरुण मुले ते शिरेतून टोचून घेऊ लागली. पोलिसांनी कडक धोरण घेतले. शस्त्रक्रियेचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून सिरिंज मिळत, ती विक्री बंद झाली. औषधविक्रेतेही सिरिंज देईनात. खिशात सिरिंज सापडली तर पोलीस ती काढून घेत. साधन मिळाले नाही की सवय सुटेल, असा हिशेब त्यामागे होता. वरवर पाहता तो चुकीचाही वाटत नाही.

प्रत्यक्षात झाले ते असे, की सुया कमी झाल्या, टोचून घेणारे कमी झाले नाहीत. दहा-दहा, पंधरा-पंधरा जण एकाच खोलीत जमू लागले आणि एकच सिरिंज हातोहात फिरू लागली.

म्यूअरहाऊसमध्ये रॉय रॉबर्टसन नावाचे एक फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या या मुलांमध्ये कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, वाढू लागली तेव्हा त्यांनी रक्ताचे नमुने घेऊन ठेवले होते. एड्स हा शब्द त्या वेळी त्या वसाहतीत कुणाच्या गावीही नव्हता. १९८५ मध्ये एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाली. साठवलेले नमुने तपासले गेले. १९८६ च्या प्रारंभी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आले. १६४ जणांपैकी ५१ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूच्या खुणा होत्या. जुन्या नमुन्यांवरून असेही दिसले, की विषाणू शहरात आला तो १९८३ च्या सुमारास. म्हणजे दोन-अडीच वर्षांत निम्मी मुले बाधित झाली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. पुढे वृत्तपत्रांनी एडिंबराला 'युरोपची एड्स राजधानी' हे नाव दिले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एडिंबरापासून ग्लासगो जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर आहे. पुण्याहून सातारा याहून लांब पडते. ग्लासगोतही हेरॉइन होते, तिथेही बेकारी होती, टोचून घेणारे तर संख्येने अधिक होते. पण तिथे बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. फरकाची कारणे अनेक सांगितली गेली, पण त्यातले एक कुणालाच नाकारता आले नाही : ग्लासगोत कोरी सिरिंज मिळवणे एडिंबराइतके अवघड नव्हते.

हे का घडते, ते समजायला वैद्यकशास्त्र फार लागत नाही. शिरेत सुई गेली आहे याची खात्री करण्यासाठी दट्ट्या थोडा मागे ओढतात. सिरिंजमध्ये रक्त येते. औषध आत गेल्यावरही सुईत आणि नळीच्या तळाशी त्या रक्ताचा अंश राहतो. पुढच्या माणसाच्या शिरेत तो थेट जातो. बंद सिरिंजमधल्या रक्तात एचआयव्ही कित्येक दिवस, अनुकूल तापमानात काही आठवडेही, जिवंत राहू शकतो, असे प्रयोगशाळेत पुढे दिसून आले. पाण्याने एकदा खळबळून काढणे पुरत नाही ते यामुळेच.

मला इथे आपल्या पुण्याचा प्लेग आठवतो. १८९७ मध्ये प्लेग कमिशनर रँड याच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत शिरले. आजाऱ्याला शोधून वेगळे काढणे, हा हेतू वैद्यकीय दृष्ट्या चूक नव्हता. पण धाक इतका बसला, की लोक आजारी माणसे माळ्यावर आणि कोनाड्यांत लपवू लागले. जो आजारी आहे त्यालाच आरोग्य खात्याची भीती वाटू लागली, की रोग मोकळा सुटतो. रँडचे पुढे काय झाले ते शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. साथीचे काय झाले, हे मात्र आपण फारसे वाचत नाही. एडिंबरात विषाणू नवा होता, चूक जुनीच होती.

या चुकीवरचा उतारा एका वेगळ्याच ठिकाणी आधीच सापडला होता. ॲमस्टरडॅममध्ये हेरॉइन घेणाऱ्यांनी स्वतःची एक संघटना काढली होती. आपल्याकडे रिक्षावाल्यांची असते तशी, मागण्या मांडणारी. शहराच्या मध्यभागातल्या एका औषधविक्रेत्याने सिरिंज विकणे थांबवले तेव्हा कावीळ पसरेल, हे या लोकांनीच ओळखले. त्यांनी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे सुया मागितल्या आणि १९८४ मध्ये वापरलेली सुई घेऊन कोरी देण्याचे काम सुरू झाले. ज्यांना आपण बेभान, बेफिकीर समजतो, त्यांनी आपल्या जिवाची काळजी घेणारी व्यवस्था शहराला सुचवली, हा या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

स्कॉटलंडमध्ये सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. ब्रायन मॅक्लेलंड, रक्तपेढीचे प्रमुख. रक्त सुरक्षित ठेवणे हेच त्यांचे काम असल्याने विषाणूचा धोका त्यांना इतरांआधी कळला असणार. १९८६ च्या अहवालात समितीने शिफारस केली, की जे व्यसन सोडू शकत नाहीत किंवा सोडायला तयार नाहीत, त्यांना निर्जंतुक साधने मिळाली पाहिजेत. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये मिळून पंधरा प्रायोगिक केंद्रे निघाली. त्या वेळी पंतप्रधान होत्या मार्गारेट थॅचर. अमली पदार्थांबाबत मवाळ, असा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही. १९८८ मध्ये सरकारच्या सल्लागार मंडळाने स्पष्ट भूमिका घेतली : व्यक्तीला आणि समाजाला व्यसनापेक्षा एचआयव्हीचा धोका मोठा आहे, म्हणून विषाणू रोखण्याला पहिला मान द्यायला हवा.

'मग व्यसन वाढणार नाही का?' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. तो विचारलाच पाहिजे. त्याचे एक देखणे उत्तर अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात मिळाले. तिथे १९९० च्या अखेरीस एका गाडीतून सुया बदलून देण्यास सुरुवात झाली. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्येक सिरिंजवर खूण घातली आणि परत आलेल्या सिरिंजमधले रक्त तपासले. त्यांच्यातले गणिती एडवर्ड कॅप्लन यांनी विचार असा केला, की मलेरियात डास जे काम करतो ते इथे सुई करते. सिकंदराबादेत १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, तेव्हापासून आपण जाणतो, की डास कमी काळ जगला तर रोग कमी पसरतो. सुईचेही तसेच. ती जितका कमी काळ फिरेल तितक्या कमी हातांत जाईल. केंद्रामुळे सुयांचे आयुष्य घटले आणि केंद्राशी जोडलेल्यांमध्ये नव्या लागणी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या असाव्यात, असे गणित निघाले. अशा केंद्रांमुळे व्यसन वाढल्याचा पुरावा मात्र पुढच्या अभ्यासांतही मिळाला नाही. उलट सुई बदलायला येणारा माणूस एका नर्सला भेटतो, तिच्याशी बोलतो आणि एक दिवस उपचारांची चौकशी करतो, हेच ठिकठिकाणी दिसले.

पण कोरी सुई हा अर्धाच उपाय आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे सुईची गरजच काढून टाकणे. त्याची कथा एड्सच्याही आधीची आहे. मेथाडोन हे औषध १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी वेदनाशामक म्हणून तयार केले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ मारी निस्वँडर यांनी १९६४ मध्ये ते हेरॉइनच्या रुग्णांना देऊन पाहिले. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो, मग अंग मोडून येते, जुलाब, घाम, तगमग सुरू होते आणि माणूस पुन्हा सुईकडे धावतो. मेथाडोन तोंडाने घेता येते आणि दिवसभर पुरते. योग्य मात्रा मिळालेल्या माणसाला नशाही येत नाही आणि तगमगही होत नाही. तो कामावर जाऊ शकतो. १९६५ मध्ये या दोघांनी पहिल्या २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एचआयव्हीचे नावही तेव्हा जगाला ठाऊक नव्हते.

पंचवीस वर्षांनी त्या कामाचे वेगळेच फळ दिसले. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे मेथाडोनवर स्थिर असलेल्या ५८ जणांची पाहणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या बहुतेकांना पूर्वी कधी तरी हिपॅटायटिस बी होऊन गेला होता. म्हणजे एके काळी त्यांनी सुया वाटून घेतल्या होत्या. पण एचआयव्ही एकालाही नव्हता. विषाणू शहरात आला तेव्हा ही माणसे सुईपासून दूर, औषधाच्या पेल्याशी बसलेली होती. पुढे २०१२ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा पर्यायी औषधोपचारांमुळे एचआयव्हीची जोखीम ५४ टक्क्यांनी घटते, असे आढळले. लस शोधण्यासाठी जगाने कोट्यवधी डॉलर खर्च केले. त्यापुढे हा साधा पेला कमी नाही.

आता घरच्या अंगणात येऊ. मणिपूर म्यानमारला लागून आहे आणि मोरेच्या वाटेने तिथे अतिशय शुद्ध, टोचून घेण्याजोगे हेरॉइन येत असे. स्थानिक लोक त्याला 'नंबर फोर' म्हणत. १९८६ मध्ये भारतात पहिल्यांदा एचआयव्ही आढळला तो चेन्नईत. मणिपुरात मात्र तोवर शेकडो नमुने तपासूनही काही सापडत नव्हते. सप्टेंबर १९८९ पर्यंत टोचून घेणाऱ्यांमध्ये बाधितांचे प्रमाण शून्य होते. ऑक्टोबरमध्ये पहिले बाधित सापडले आणि सहा महिन्यांत प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेले. एडिंबराला दोन वर्षे लागली होती, इंफाळला सहा महिने.

आणि इथेही पहिली प्रतिक्रिया तीच. मुलांना तुरुंगात टाकले गेले. भूमिगत संघटनांनी तर पायावर गोळ्या घालण्यापर्यंत मजल मारली. हेरॉइन महागले की मुले वेदनाशामक कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून टोचून घेत. ती नीट विरघळत नाही. त्यातून गळवे होत, जखमा सडत, काहींचे हातपाय कापावे लागले. आणि विषाणू सुईपाशी थांबला नाही. एका अभ्यासात बाधित पुरुषांच्या पत्नींची तपासणी झाली, तेव्हा त्यातल्या ४५ टक्के बाधित निघाल्या. या बायकांनी आयुष्यात कधी नशेच्या सुईला हात लावलेला नव्हता. चोराला पहार देण्याची उपमा इथे माझ्या मनातून गळून पडली. सुई कुणाला द्यायची याचा वाद आपण घालत असतो, तेव्हा ज्यांच्या जिवाचा निकाल लागत असतो त्यांतल्या कितीतरी जणी त्या वादात हजरच नसतात.

मणिपूर मात्र लवकर शिकले. १९९० च्या दशकाच्या मध्यात चुराचांदपूरमध्ये 'शालोम' या संस्थेने सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. १९९६ मध्ये राज्याने स्वतःचे एड्स धोरण स्वीकारले आणि हानी कमी करण्याच्या या मार्गाला त्यात जागा दिली. देशातल्या एका लहानशा, बंदुकांच्या सावलीतल्या राज्याने दिल्लीच्या कितीतरी आधी हे पाऊल उचलले. पूर्वी व्यसनात असलेली मुलेच गल्ल्यांतून सुया घेऊन फिरू लागली. टोचून घेणाऱ्यांमधले बाधितांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सत्तर टक्क्यांच्या वर गेले होते. २०१०-११ च्या राष्ट्रीय पाहणीत ते १३ टक्क्यांच्या आसपास आले. ही घसरण सगळी सुखाची नाही. बाधितांपैकी अनेकांचा मृत्यू झाला, म्हणूनही आकडा उतरला. पण नवी मुले त्यांच्या मागोमाग त्याच वाटेने गेली नाहीत, हेही तितकेच खरे.

त्याच पाहणीत महाराष्ट्राचा आकडा होता सुमारे १४ टक्के. मणिपूरपेक्षा किंचित जास्तच! हे वाचून मी चमकलो होतो. आपल्याकडे 'गर्द' म्हटले की चांदीच्या कागदावर ओढायची पूड आठवते. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले ते याच गर्दच्या लाटेत, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे, हे मराठी समाजाला पहिल्यांदा त्यांनी पटवले. पण मुंबईत पुढे काहींनी पूड ओढण्याचे सोडून सुई धरली, आणि तिकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. रस्त्याकडेला बसलेल्याला आपण 'गर्दुल्ला' म्हणून ओलांडून जातो. तो शब्द तोंडात आला, की त्या माणसाला नाव, घर, बायको असेल हा विचार थांबतो.

२००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ब्युप्रेनॉर्फिन या गोळीच्या उपचारांचा विस्तार झाला. ही गोळी जिभेखाली ठेवायची, तीही कर्मचाऱ्यासमोर, रोज. मेथाडोन आपल्या देशात २०१२ च्या सुमारास आले आणि त्याच्या पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय होते. कायद्याचा पेच तरीही होता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा गुन्हा आणि आरोग्य खाते तर सुया देणार, मग सुई देणारा कार्यकर्ता कोण ठरतो? याचे उत्तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिले. लागण टाळण्यासाठी कोऱ्या सुया देणे किंवा पर्यायी औषध देणे हा गुन्हा नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

औषधशास्त्रही थांबलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता आणि मणिपूरही. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू इतका दबतो, की बाधित माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बाधा होण्याआधीच गोळी घेण्याचा प्रयोग बँकॉकमध्ये टोचून घेणाऱ्या २४०० हून अधिक लोकांवर झाला. रोज टेनोफोविर घेणाऱ्यांत नव्या लागणी सुमारे ४९ टक्क्यांनी कमी झाल्या, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या प्रयोगात सहभागी लोकांना निरोध दिले गेले, सिरिंज धुण्यासाठी ब्लीच दिले गेले, कोऱ्या सुया मात्र दिल्या गेल्या नाहीत. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. महागडी गोळी द्यायला जगाचा हात मोकळा आणि काही रुपयांची सुई द्यायला मात्र आखडलेला! २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक इंजेक्शनची शिफारस केली. उपाय वाढत आहेत. ते ज्याला हवेत त्याच्यापर्यंत पोचतात का, हा प्रश्न मात्र १९८६ इतकाच ताजा आहे.

याची साक्ष पुन्हा स्कॉटलंडनेच दिली. ज्या ग्लासगोने १९८० च्या दशकात स्वतःला वाचवले होते, तिथेच २०१५ मध्ये बेघर, टोचून घेणाऱ्या लोकांत नवी साथ आढळली. आता कोकेन टोचले जात होते. कोकेनचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे दिवसातून अनेकदा सुई लागते, आणि मेथाडोनसारखा पर्यायही त्याला नाही. २०११-१२ मध्ये ०.१ टक्का असलेले बाधितांचे प्रमाण २०१७-१८ पर्यंत ४.८ टक्क्यांवर गेले. साथ चालू असतानाच, २०१७ मध्ये, मुख्य रेल्वे स्थानकातले सुया देणारे केंद्र बंद झाले. पुढे तिथे रस्त्यावरच तपासणी सुरू झाली, औषधे घरपोच, नव्हे, तंबूपोच जाऊ लागली, प्रतिबंधक गोळ्याही दिल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्याच शहरात, नर्सच्या देखरेखीखाली टोचून घेता येईल असे ब्रिटनमधले पहिले अधिकृत केंद्र उघडले.

म्हणजे हा धडा एकदा शिकून कपाटात ठेवण्याचा नाही. पोलिओचा डोस पिढीमागून पिढीला पाजावा लागतो, तसा तो प्रत्येक शहराला पुन्हा पुन्हा पाजावा लागतो.

सुरुवातीच्या माझ्या प्रश्नाकडे परत जातो. चोर पहार नसेल तर कदाचित चोरी करणार नाही. व्यसनी माणूस कोरी सुई नसेल तर जुनी वापरतो. एवढाच फरक आहे, पण तो एडिंबराच्या १६४ नमुन्यांत, इंफाळच्या सहा महिन्यांत आणि त्या पंचेचाळीस टक्के पत्नींत लिहिलेला आहे. व्यसन सुटावे, असे मलाही वाटते. प्रत्येकाचे सुटावे. पण ते सुटण्याचा दिवस उजाडेपर्यंत माणूस जिवंत असावा लागतो.